बेलीफमामा, माझा वर्ग सुरू झाला

मामा, मागच्या सोमवारी माझा वर्ग सुरू झाला.

मामीला सांगितलं, तिनं देवापुढं साखर ठेवली. आईला उंब्रजला फोन केला, ती म्हणाली, "बरं झालं, डबा वेळेवर खात जा." संपलं. तुम्ही असता तर विचारलं असतंत, खिडक्या कुठल्या बाजूला आहेत, शिकवायला कोण होतं, पहिल्या तासाला काय सांगितलं, कोण काय बोललं. मग खुर्चीत पाय वर घेऊन बसला असतात आणि मला तासभर बोलू दिलं असतंत. ते तासभराचं बोलणं माझ्या पोटात तसंच राहिलंय. तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला, पण ते कमी होत नाही. म्हणून लिहितेय.

मी पहिल्या बाकावर बसले. पुण्यात शेवटच्या बाकावर दिवस काढलेली तुमची ही भाची सांगलीत पहिल्या बाकावर! पाच वर्षांच्या कोर्सची पहिली दोन वर्षं राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इंग्रजीतच जातात. ती माझी पुण्यात गेली. कायदा खरा सुरू होतो तो तिसऱ्या वर्षी, म्हणजे आता. हजेरीच्या यादीत सगळ्यांची नावं छापलेली होती, माझं मात्र अगदी तळाला निळ्या पेनानं लिहिलेलं, आणि त्यापुढं शब्द होता 'ट्रान्सफर'. मॅडमनी नाव वाचलं आणि मान वर केली.

"कुठून आलीस?"

"पुण्याहून, मॅडम."

"अगं, मुलं सांगलीहून पुण्याला जातात. तू उलटी कशी?"

वर्ग हसला. मीही हसले. शेजारी मिरजेची रुखसार बसली होती. तिच्या घरी तंबोरे करतात, तिच्या बोटांना अजून पॉलिशचा वास येतो. ती हळूच म्हणाली, "ट्रान्सफर म्हंजे काय गं? एसटीच्या डायवरची होती तशी?" म्हटलं, "तशीच." तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

मग मॅडम दिवाणी दावा कसा चालतो ते ढोबळ सांगू लागल्या. एकानं दावा लावला की कोर्ट दुसऱ्याला समन्स काढतं. सांगता सांगता त्यांनी विचारलं, "आणि दुसऱ्यानं ते समन्स घेतलंच नाही तर?"

मामा, माझा हात वर गेला. मी केला नाही, तो आपला आपणच गेला.

"दाराला डकवायचं, मॅडम. दोन पंच बोलवायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि कोर्टाला तसा अहवाल द्यायचा. पण त्याआधी माणसाला बाहेर काढून बघायचं."

"ते कसं काढतात?"

"माझे मामा बेलीफ होते," मी म्हटलं. "तीस वर्षं त्यांनी कोर्टाचे कागद गावोगाव पोचवले." आणि मग मी तुमची तासगावकडची ती गोष्ट सांगितली. घरी नाही म्हणून बायकोकरवी निरोप देऊन बेदाण्याच्या शेडमध्ये लपलेला तो बागायतदार. तुम्हाला त्याचा खोकला ऐकू आलेला. तुम्ही शेडबाहेर उभं राहून मोठ्यांदा म्हणालात, "अरारा, माल सगळा काळा पडलाय की ह्यांचा." तसा तो आतून तावातावानं बाहेर आला, "कोण म्हणतंय काळा पडलाय?" आणि तुम्ही शांतपणे पेन पुढं केलंत. "कोण न्हाई म्हणत. लय झ्याक माल हाय. हितं सही करा."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "मग अहवालात काय लिहिलं त्यांनी?"

"'प्रतिवादी शेडमध्ये हजर मिळून आले', एवढंच."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तुझ्या मामांना एकदा घेऊन ये. मुलांना ऐकू दे." मी 'हो' म्हणाले, मामा. 'ते गेले' हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

एक वाक्य मात्र मी वर्गात न सांगता माझ्यापाशीच ठेवलं. मी लहान असताना तुमच्या गाडीवर मागं बसून हिंडायचे तेव्हाचं ते वाक्य. एका म्हातारबाबांचे हात समन्स घेताना लटलट कापत होते. तुम्ही त्यांच्याजवळ उकिडवे बसलात आणि म्हणालात, "बाबा, ही शिक्षा न्हाई. कोर्ट म्हणतंय, त्यानं त्याचं सांगितलं, आता तुमचं बी ऐकायचंय, या." पुण्यात दोन वर्षं जाडजूड पुस्तकं वाचली, पण कायदा कशासाठी असतो ते मला त्या उकिडव्या बसण्यातून जेवढं कळलं तेवढं कुठंच नाही.

आता दुसरं लिहायला हवं. तुमच्यामाझ्यात एक गोष्ट अर्धी राहिली. नुसता आनंद लिहिला तर ते तुम्हालाच पटणार नाही.

मागच्या दिवाळीतली भाऊबीज. तुम्ही दरवर्षीसारखे सांगलीहून उंब्रजला आलात. आईनं तुम्हाला ओवाळलं, तुम्ही ताटात हिरवं लुगडं ठेवलंत. आई ते लुगडं हातानं चाचपून बघत होती, एवढी खुशीत होती. आणि मी, पुण्याहून दीड वर्ष शिकून आलेली शहाणी, सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, आजोबांच्या जमिनीवर आईचं नाव का नाही?"

तुम्ही हसलात. "आजोबा गेले तवाच तिनं हक्कसोड दिलंय."

"म्हणजे तिचा हिस्सा तुम्हाला लिहून दिला."

"राजीखुशीनं दिलाय. विचार की तिला."

आईनं लुगड्याची घडी नीट केली. "व्हय, राजीखुशीनंच. अमू, गप बस."

मी गप बसले नाही. "तुम्ही मागितलं नसतं तर तिनं आपणहून दिलं असतं का?"

 बाबांनी रेडिओ उगाच लहान केला. तुम्ही म्हणालात, "दोन बुकं वाचली आन् मामाच्याच नावानं समन्स काढाय लागलीस व्हय?" एरवी या वाक्याला सगळे खदखदून हसले असते. कुणीच हसलं नाही. तुम्ही ताटातलं सगळं संपवलंत, हात धुतलेत, आईच्या डोक्यावर हात ठेवलात आणि पायात चपला घातल्यात.

चार महिने तुमचा फोन नाही. मला नाही, आईलाही नाही. आई मला एकदाच म्हणाली, "जमीन गेली तर गेली, माहेर तरी राहिलं हुतं." त्या 'हुतं'नं मला पार गाडून टाकलं.

त्यातच पुण्यात माझं भलतंच सुरू झालं होतं. वर्गात सरावासाठी इंग्रजीतून खोटा खटला लढायचा होता. मी उभी राहिले, पहिलं वाक्य बोलले, आणि पुढचा शब्दच येईना. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सातारी टेप अडकली." मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढं तर होस्टेलच्या खोलीत दिवसभर पांघरूण घेऊन पडायला लागले. घरी सांगत होते, लेक्चर चालू आहेत. शेवटी रेक्टरबाईंनीच बाबांना फोन केला. बाबांना दुकान सोडून निघता येईना, आणि आलेही असते तरी काय बोलायचं ते त्यांना सुचलं नसतं.

आणि आलात कोण, तर तुम्ही; आईनंच कळवलं असणार. पहिल्या एसटीनं, हातात द्राक्षांची पिशवी घेऊन. फाटकाशी उभे.

"बॅग भर," म्हणालात.

"कायमची?"

"ते नंतर बघू. आधी भर."

गाडीत तुम्ही दिवाळीचा शब्द काढला नाहीत. कॉलेजचाही नाही. साताऱ्याच्या स्टँडवर चहा, मग तुमची डुलकी. उंब्रज आलं तशी मी उठून बॅग काढायला लागले. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "बस खाली. तुझं तिकीट सांगलीचं काढलंय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुम्ही मला कोर्टात नेलंत. निवृत्त होऊन तुम्हाला तीन वर्षं झाली होती, तरी शिपाई उठून उभा राहिला. आपण शेवटच्या बाकावर बसलो. शेतात जायच्या वाटेचा दावा होता. एक माणूस साक्ष देत होता, "मी पडवीत बसून रोज बगतोय, ह्यांचा ट्रॅक्टर वीस वर्सं त्याच वाटंनं जातोय." सगळं मराठीत. जजसाहेबही मराठीत विचारत होते, समजुतीनं. मला शब्दन् शब्द कळत होता. आणि एकाएकी माझ्या डोक्यात आलं, याची पडवी कुठल्या अंगाला आहे ते कुणी विचारत का नाही?

तेवढ्यात समोरची वकीलबाई उठली. माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल.

"काका, तुमच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला?"

"पूर्वेला."

"पडवी?"

"पुढंच की."

"आणि वाट?"

तो माणूस थांबला.  "मागच्या अंगाला," म्हणाला.

 मी तुमचा दंड एवढा घट्ट धरला की तुम्ही "अगं, अगं" म्हणालात. बाहेर येऊन आपण चहाच्या गाडीवर उभे राहिलो आणि माझं तोंड थांबेना. तो प्रश्न मलाही सुचला होता, तिच्या आधी सुचला होता, मी असते तर आधी पडवीच विचारली असती की आधी वाट. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकत होतात. माझं संपल्यावर म्हणालात, "मग कर की हे."

"करायचंय. पण पुण्यात नाही जमणार मला."

"मग हितं कर. जजसायबांची बदली होती, कारकुनाची होती, माझी तर तीनदा झाली. पोरीचीच का न्हाई व्हायची? पर आधी दुसऱ्या वर्साची परीक्षा दे. अर्धं टाकून आलीस तर कोण दारात घेणार न्हाई."

मी परत गेले. दोन महिने कळ काढली. पास झाले.

आणि मग सुरू झाली आपली कागदांची वारसदारी, तुम्ही तिला तेच नाव दिलं होतंत, कारण एका कागदाच्या पोटातून दुसरा जन्माला यायचा. पुण्याच्या कॉलेजचा ना हरकत दाखला, मग टीसी, मग मायग्रेशन, मग इकडच्या विद्यापीठाचं पात्रतेचं पत्र. एका कचेरीत तर तिथल्या बाईंनी आपल्याला सरळ सांगितलं, "यांचे विषय जुळत नाहीत. तिकडं शिकलेला एक पेपर इथं नाही, इथला एक तिकडं नव्हता. पुढच्या वर्षी या." मी भांडायच्या तयारीत होते. नियम पाठ करून गेले होते. तुम्ही माझी ओढणी धरून मला बाकावर बसवलंत आणि डबा उघडलात.

"मामा, इथं जेवायचं?"

"जेवायची येळ झालीय. त्या बाईंची बी झाली आसंल."

तीच बाई डबा घेऊन बाहेर आली. तुम्ही सरकून जागा केलीत आणि विचारलंत, "ताई, गाव कुठलं तुमचं?" तिनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आवं, त्या गावात मी समन्स घेऊन गेलो हुतो. ज्यांच्यावर समन्स, त्यांनीच आधी मला पाटावर बसवून जेवाय वाढलं. मग सही केली. असलं गाव दुसरं बघितलं न्हाई मी." बाई हसली. तिनं तुम्हाला लोणच्याची फोड दिली. जेवण झाल्यावर तिनं फाइल परत उघडली, आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, "राहिलेला पेपर जादा म्हणून देणार असेल तर होतंय. अर्ज लिहा." अर्ज मी लिहिला. पाठ केलेला नियम तिसऱ्या ओळीत घातला. तुम्ही वाचून म्हणालात, "हां, आता तुझा कायदा कामाला आला बघ."

प्रवेशाचं पत्र मिळालं तेव्हा तुम्ही आवारात उभं राहून ते दोनदा वाचलंत. मग मला म्हणालात, "आमच्या घरात ऱ्हायाचं. मेस-बिस काय न्हाई."

मामा, एक कबूल करायचंय. त्या सगळ्या दिवसांत मी दिवाळीचा विषय एकदाही काढला नाही. विसरले म्हणून नाही. तुमच्याकडून काम होतं म्हणून. मी कामापुरती गप्प बसले. मनात ठरवलं होतं, एकदा कॉलेज सुरू झालं, की एखाद्या रविवारी तुमच्यासमोर चहा ठेवायचा आणि या वेळी आवाज न चढवता विचारायचं.

तुम्हीच एकदा सुरुवात केली होतीत. शेवटच्या खेपेला सांगली स्टँडवर, माझी उंब्रजची गाडी लागत होती. "अमू, ते दिवाळीचं तू जे म्हणालीस..." एवढंच बोललात. आणि मी म्हणाले, "राहू द्या मामा, आता कशाला." तुम्ही मान डोलावलीत. मी गाडीत चढले. खिडकीतून हात केला. खुशीत होते मी, प्रवेश पक्का झाला होता, कटकट नको होती.

चौथ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलात आणि दुकानाच्या पायरीवरच छातीला हात लावून बसलात. मिरजेला नेईपर्यंत बोलत होतात म्हणे. आम्ही उंब्रजहून पोचलो तेव्हा मामी बाहेरच्या बाकावर बसली होती, तुमच्या चपला मांडीवर घेऊन.

स्टँडवरच्या तुमच्या त्या अर्ध्या वाक्याच्या पुढच्या शब्दांचा मी नंतर पुष्कळ शोध घेतला. मामीला विचारलं, तुमची लोखंडी पेटी उघडली. जुन्या डायऱ्या निघाल्या, कुठल्या दिवशी कुठलं गाव, कोण भेटलं, कोण नाही. आईबद्दल एक ओळ नाही. तुम्ही काय सांगणार होतात ते मला कधीच कळणार नाही. माफी मागणार होतात की मला समजावणार होतात, दोन्ही तुमच्यासारखंच झालं असतं.

आता रविवारचं सांगते. त्यासाठीच खरं तर पेन उचललं.

महिना झाला म्हणून आम्ही सगळे तासगावकडं तुमच्या गावी जमलो. मामी, तुमची लेक सुजाताताई कराडहून आलेली, तुमचा महेशदादा तर तिथंच द्राक्षबागेवर असतो, आई आणि मी. जेवणं झाली. महेशदादानं तुमच्या फोटोला हात जोडले आणि आतून एक टाइप केलेला कागद आणला.

"सुजा, हितं सही कर. मंगळवारी तासगावला नोंदणीला जाऊ."

सुजाताताईनं विचारलंसुद्धा नाही. पेन घेतलं. मी ताटं उचलत होते, तिथून मला वरचा शब्द दिसला. हक्कसोडपत्र.

मामा, मी घाबरले. मी तुमच्या घरात राहते. ज्या खोलीत माझी पुस्तकं आहेत ती महेशदादाची आहे, त्यानं स्वतः येऊन खाट सरकवून दिली होती. कॉलेज सुरू होऊन पुरते सात दिवस झाले नव्हते. आई माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत 'गप बस' स्पष्ट होतं.

मी ताटं खाली ठेवली. "सुजाताताई, वाचलंस का?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"मी वाचून दाखवते."

महेशदादाचा चेहरा बदलला. "अमू, आमच्या घरात राहून आमच्यातच लावालावी करतीस?"

"लावालावी नाही दादा. नुसतं वाचते. ऐकून तिला करावीशी वाटली तर तिनं सही करावी, मी शब्द काढणार नाही."

मी कागद हातात घेतला. पुण्यात गेलेला तो आवाज, मामा, तुमच्या सोप्यात आला. मी सावकाश वाचलं. सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क व हितसंबंध राहिलेला नाही. मी किंवा माझे वारस भविष्यात कधीही मागणी करणार नाही.

"वारस म्हंजे कोण?" सुजाताताईनं विचारलं.

"तुझ्या मुली."

तिनं थोडा वेळ अंगणात खेळणाऱ्या दोघींकडं बघितलं. मग पेनला टोपण लावलं. "दादा, माझी मी एक वेळ दिली असती. त्यांची कशी देऊ?"

"मग मी एकटा राबतोय त्याचं काय?" महेशदादा म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. बाग त्यानंच जगवलीय. "आन् आत्यानं दिलीच की बाबास्नी. राजीखुशीनं. तवा कुणी न्हाई कागद वाचला."

सगळे आईकडं बघायला लागले. तिनं पदर नीट केला. मला वाटलं, आता म्हणणार, व्हय, राजीखुशीनंच.

"न्हाईच वाचला," आई म्हणाली. "दादा म्हणाला, शकू, हितं सही कर, मी केली. जगाला कागद वाचून दाखवत हिंडायचा माझा भाऊ. मला वाचून दाखवला असता तरी मी जमीन दिलीच असती रं महेश. पर वाचाय पायजे हुता."

एवढंच. रडली नाही, आवाज चढवला नाही. तुमच्या फोटोकडं बघून बोलली. एवढी वर्षं हे वाक्य तिच्यापाशी होतं, आणि भाऊबीजेला मी ओरडून जे विचारलं त्याचं उत्तर तिनं मला नाही, तुम्हाला दिलं.

महेशदादा उठून बागेत निघून गेला. मामी आणि मी संध्याकाळच्या एसटीनं सांगलीला आलो.  वाटेत मी मनात बॅग भरत होते. रुखसारच्या घरी विचारावं का, असाही विचार आला. घरी आल्यावर मामीनं कणकेचा डबा उघडला आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचंय? डबा त्या बेतानं करीन."

काल, बुधवारी, तास संपवून बाहेर येते तर महेशदादाचा फोन. "तलाठ्याकडं वारसनोंदीला जायचंय. येतीस का? कागदात काय लिहितोय ते मला बी कळू दे." मी पळत स्टँड गाठलं. तलाठ्यांच्या कचेरीत पोचले तर सुजाताताई आधीच येऊन बसली होती. तलाठ्यांनी अर्ज बघितला आणि सवयीनं विचारलं, "बहिणीचं हक्कसोड जोडलंय ना?"

मी तोंड उघडणार होते. ओठ दाबून धरले. हे माझ्या बोलण्याचं नव्हतं.

महेशदादा खाली बघत होता. मग म्हणाला, "न्हाई. तिचं नाव लावा. आईचं, माझं आन् तिचं."

सुजाताताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं पाठ काढून घेतली नाही.

मामा, मला तिथंच नाचावंसं वाटत होतं! अजून एकही परीक्षा दिलेली नाही, दहा दिवसांची विद्यार्थिनी मी, यादीत नाव पेनानं लिहिलेली, आणि माझ्यासमोर सरकारी कागदावर एका मुलीचं नाव चढायला निघालं होतं. मी काही केलं नव्हतं, फक्त एक कागद मोठ्यांदा वाचला होता. एवढ्यानं एवढं होतं, हे कळल्यापासून मला झोपेतही हसू येतंय.

महेशदादानं मला गाडीवरून स्टँडला सोडलं. गाडी बंद न करताच त्यानं विचारलं, "आत्याचा तो जुना कागद हाय का कुठं?"

"आईच्या ट्रंकेत नक्कल आहे. का रे?"

"बघावं म्हणतो. बाबांनी काय लिहून घेतलंय ते मला बी म्हाईत न्हाई." मग म्हणाला, "रविवारी येतो उंब्रजला. आत्याला सांग."

आईला सांगितलं. ती म्हणाली, जेवायलाच ये म्हणावं.

रविवारी तो कागद आईसमोर वाचायचा आहे, मामा. वाचणार महेशदादा आहे. कुठं अडला तर शेजारी मी आहेच.